नर नसला तरी अंडी होतात: मादी शॅमेलिऑनच्या बाळंतपणाची तयारी

मादी शॅमेलिऑन (रंग बदलणारा, झाडावर राहणारा सरडा) पाळणाऱ्या कुणाचाही फोन आला की मी आधी एकच विचारते: पिंजऱ्यात वाळूचा डबा ठेवलाय का? बहुतेकदा पलीकडून उत्तर येतं, "ताई, पण आमच्याकडे नर नाहीये, ती एकटीच आहे." इथेच घात होतो. कोंबडीला अंडं घालायला कोंबडा लागत नाही, हे गावाकडे कुणाला सांगावं लागत नाही. व्हेल्ड शॅमेलिऑनचंही तसंच आहे. नराचं तोंडही न पाहिलेली मादी वयात आली की पोटात अंडी धरते, आणि एकदोन नाही, वीस-तीसपासून साठ-सत्तरपर्यंत. ती सगळी तिला बाहेर टाकावीच लागतात. खणायला जागा मिळाली नाही तर ती अंडी अडवून धरते, आणि त्यातच तिचा जीव जातो.

मी मूळची कराडची, आता टेक्सासमध्ये प्लेनोला राहते. धाकटीने हट्ट करून कैरीला, म्हणजे आमच्या मादी शॅमेलिऑनला, आणलं, मग ती कॉलेजला गेली आणि कैरी माझ्या पदरात पडली. तिच्या अंड्यांच्या खेपा मी जवळून पाहिल्यात, आणि सरीसृपांचे डॉक्टर भेटले तेव्हा त्यांना खोदून खोदून विचारलंय. आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत आता मुलांसाठी असे प्राणी आलेत, म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवते. लिहिते आहे ते व्हेल्ड शॅमेलिऑनबद्दल, कारण इथल्या दुकानांत तीच जात सगळ्यात जास्त मिळते. मूळची ती येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्येकडच्या डोंगराळ पट्ट्यातली. राहते झाडावर, पण अंडी घालायला जमिनीवर उतरते आणि ओलसर मातीत बोगदा खणते. तुमचा पिंजरा कितीही देखणा असो, तळाशी खणण्याजोगी जमीन नसेल तर मादीसाठी तो अपुराच.

तुमच्याकडे मादीच आहे ना, हे आधी बघून घ्या. व्हेल्ड नराच्या मागच्या पायाला, टाचेपाशी, जन्मापासून एक बारीक काटा असतो. मादीला तो नसतो. अगदी पिल्लू असतानाही भिंगातून दिसतो. दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका. कैरीही नर म्हणूनच विकली गेली होती. डोक्यावरचा तुरा मोठा की लहान यावरून लहान वयात अंदाज बांधण्यात अर्थ नाही, टाच बघा.

वयात येते तेव्हा

साधारण चार ते सहा महिन्यांची झाली की मादी वयात येते. आतापर्यंत एकसारख्या पोपटी अंगावर निळसर ठिपके उमटायला लागतात. पोटात अंडी धरली की अंगाचा हिरवा गडद होतो, आणि त्यावर पिवळे नि निळे डाग अगदी उठून दिसतात. तुम्ही हात पुढे केलात तर ती पूर्वीपेक्षा जास्त फुत्कारते, तोंड वासते, अंग डोलवते. तिला त्रास देऊ नका, तिचं तसं वागणं ठीक आहे.

चौथा महिना लागला की वाळूचा डबा पिंजऱ्यात गेलाच पाहिजे, आणि तो तिथे कायमचा राहिला पाहिजे. "पोट दिसायला लागलं की ठेवू" म्हणणारे पुष्कळ भेटतात. पोट नेहमी दिसतंच असं नाही. आणि ऐन वेळी पिंजऱ्यात एक अनोळखी वस्तू आली की ती बुजते. डबा ओळखीचा हवा. महिनोन्‌महिने तिने त्याच्याकडे वरून पाहिलेलं असलं की वेळ आल्यावर ती सरळ तिकडेच उतरते.

नर असला तरी वर्षाच्या आत जोडी लावू नका. स्वतःची वाढ व्हायची असताना अंड्यांचा भार सोसणं तिला जड जातं.

दोन जिवांचं खाणं इथे नको

आपल्याकडे पोटुशीला दोन घास जास्त वाढायची रीत आहे. ती मायेची आहे, पण शॅमेलिऑनच्या बाबतीत ती नेमकी उलटी पडते. रानात मादीला कधी भरपूर मिळतं, कधी काहीच नाही. भरपूर मिळालं आणि ऊब असली की तिचं शरीर समजतं की अंडी घालायला हाच काळ चांगला, आणि मग जमेल तेवढी अंडी तयार करतं. आपल्या घरात रोज वाटीभर रातकिडे आणि दिवसभर कडक दिवा, म्हणजे तिच्या शरीराला बारा महिने सुगीच. त्यातून सत्तर-ऐंशी अंड्यांच्या खेपा होतात, वर्षातून तीनदा होतात, आणि मादी दोन-तीन वर्षांतच झिजून जाते. नीट सांभाळली तर हीच मादी पाच वर्षं आणि त्याहूनही जास्त जगू शकते.

म्हणून वयात येईपर्यंत पोटभर खाऊ घाला, पण वयात आली की हात आवरा. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी तीन-चार मध्यम किडे, एवढं पुरे. उन्हाच्या दिव्याखालची जागा ८० फॅरनहाइट, म्हणजे साधारण २७ सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नका. रात्री दिवे पूर्ण बंद, आणि खोली थोडी गार पडू द्या. ती भुकेली नजर लावून बघते, पिंजऱ्याच्या जाळीला येऊन चिकटते, तेव्हा जीव तुटतो हे मला माहीत आहे. तरीही आवरा. असं केल्यावर काही माद्यांची अंडी वीसच्या आसपास येतात, काही तर अंडी धरणंच सोडून देतात. कैरीची पहिली खेप पन्नासच्या वर होती. आहार आणि दिवा बदलल्यावर ती निम्म्याहून खाली आली, आणि नंतरची तिची उभारीही पटकन आली.

हे सगळं अंडी धरण्याआधीचं. पोटात अंडी आहेत हे कळल्यावर एकदम उपाशी ठेवू नका. तेव्हा आहे तेच चालू ठेवायचं.

कॅल्शियम, आणि ते पचवणारा दिवा

अंड्यांच्या कवचांसाठी कॅल्शियम लागतं ते तिच्या रक्तातून घेतलं जातं, आणि रक्तात कमी पडलं की हाडांतून. पण गोष्ट कवचापाशी थांबत नाही. स्नायू आकुंचन पावायलाही कॅल्शियमच लागतं. ते कमी पडलं तर अंडी बाहेर ढकलायला लागणारा जोरच उरत नाही. अंडी अडकण्याच्या मुळाशी पुष्कळदा हे असतं. ते महिनोन्‌महिने आधी घडत आलेलं असतं, शेवटच्या आठवड्यात भुकटी चोळून भरून येत नाही.

माझा रिवाज सोपा आहे. प्रत्येक वेळी किड्यांवर साध्या कॅल्शियमची भुकटी, ज्यात फॉस्फरस नाही आणि डी३ नाही. महिन्यातून दोनदा डी३ आणि इतर जीवनसत्त्वं असलेली भुकटी. किडे पिशवीत घालून हलकेच हलवायचे, पांढरी झाक आली की बस, पिठात घोळवायचे नाहीत. किड्यांना स्वतःलाही आदल्या दिवशी नीट खाऊ घालायचं: केल, डँडेलियनची पानं, रताळं, लाल भोपळा. शेवग्याची पानं मिळत असतील तर फारच छान. मी इंडियन स्टोअरमधून आणते, थोडी आमच्या आमटीला, थोडी रातकिड्यांच्या डब्यात. नुसत्या रातकिड्यांत कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त असतो. ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्यांमध्ये मात्र कॅल्शियम चांगलं असतं, त्या अधूनमधून द्या. पाणीदार रेशीमकिडेही चांगले.

पण पोटात गेलेलं कॅल्शियम अंगी लागायला यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण हवेत. त्यांच्यामुळेच तिच्या त्वचेत डी३ तयार होतं. त्यासाठी लांब नळीचा टी५ एचओ दिवा घ्या, पाच किंवा सहा टक्क्यांचा. गोल वळणाचे छोटे बल्ब नकोत, ते पुरेशा जागेवर किरण टाकत नाहीत. नळी दिसायला पेटत राहते, पण तिचे किरण क्षीण होत जातात, म्हणून वर्षातून एकदा बदला. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन यासाठी कामाचं नाही, काच हे किरण अडवते. आमच्याकडे मार्च-एप्रिलची सकाळ असते तेव्हा मी कैरीला जाळीच्या पिंजऱ्यात अंगणात बसवते, अर्धी सावली ठेवून आणि नजरेसमोर. काचेची पेटी उन्हात कधीही ठेवू नका, काही मिनिटांत भट्टी होते.

वाळूचा डबा

आता मुख्य काम. डबा निदान एक फूट लांब, एक फूट रुंद आणि तेवढाच खोल घ्या. त्यात वाळू आठ ते दहा इंच. ती बोगद्यात शिरल्यावर शेपटीच्या टोकासकट दिसेनाशी व्हायला हवी, हा हिशेब धरा. कुंडीतली चार इंच माती म्हणजे डबा नव्हे. डब्याच्या भिंती पारदर्शक नकोत. पारदर्शकच मिळाला तर बाहेरून जाड कागद चिकटवा, म्हणजे बोगद्यात उजेड शिरत नाही आणि तिला बाहेरची माणसं दिसत नाहीत.

वाळू मुलांच्या खेळाची, धुतलेली, जी इथे 'प्ले सँड' म्हणून मोठ्या पोत्यांत मिळते. बांधकामाची कचखडी नको. बागेसाठीची खत घातलेली माती नको. पर्लाइट, व्हर्मिक्युलाइट (कुंडीत घालायचे हलके खनिज दाणे), लाकडाचे तुकडे नकोत, त्यात बोगदा टिकत नाही आणि ती गिळलीही जातात. काही जण वाळूत बिनखताची माती मिसळतात, तेही चालतं. धुतलेली म्हणून विकत आणलेली वाळूही मी बादलीत दोन पाण्यांतून काढते, नाहीतर वाळल्यावर तिची धूळ उडते.

ओल किती, हे हातानेच कळतं. वाळू मुठीत घेऊन आवळा. मुटका वळला पाहिजे, मूठ उघडल्यावर तो तसाच राहिला पाहिजे, आणि बोटांच्या फटीतून पाणी मात्र गळता कामा नये. मग डब्यात वाळू थरांनी भरा, प्रत्येक थर तळहाताने दाबा. आता खरी परीक्षा: दोन बोटांनी तिरका बोगदा करा, तळापर्यंत हात जाईल इतका. हात काढल्यावर छत कोसळलं तर वाळू कोरडी आहे किंवा नीट दाबलेली नाही. तळाला बोटं लावल्यावर चिखल लागला तर पाणी जास्त झालंय. पिंजऱ्यातल्या फवाऱ्याचं पाणी हळूहळू डब्यात साठत जातं, म्हणून डब्याच्या तळाला चार बारीक भोकं पाडा आणि दर आठवड्याला एकदा हात खालपर्यंत घालून बघा. वरचा थर वाळतो आणि तळ डबडबतो, दोन्ही एकाच वेळी. नुसतं वरून बघून कळत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. घनफूटभर ओली वाळू ४५-५० किलो भरते. जाळीच्या पिंजऱ्याचा प्लास्टिकचा पातळ तळ एवढं वजन पेलत नाही. मी पिंजऱ्याखाली जाड फळी घातली आहे आणि पिंजरा जमिनीलगतच्या बुटक्या चौरंगावर ठेवलाय. वाळू डब्यात भरायची ती डबा जागेवर ठेवल्यावरच. आधी भरून मग उचलायला गेलात तर पाठ धरेल.

डब्यापर्यंत उतरायला आणि परत चढायला फांदी हवी, डब्याच्या काठाला टेकलेली. वर आडोशाला झाड ठेवा. जास्वंद किंवा मनी प्लांट चांगला, व्हेल्ड मादी पानं कुरतडते आणि ही दोन्ही तिला चालतात.

दिवस भरल्याची लक्षणं

नराशी जुगली असेल तर साधारण तीन ते चार आठवड्यांत अंडी घालते. एकटी असेल तर दिवस मोजता येत नाहीत, तिच्याकडेच बघावं लागतं. किचनमधला ग्रॅमचा काटा इथे फार कामी येतो. दर आठवड्याला एकाच वेळी वजन घ्या. खाणं तेवढंच आणि वजन चढतंय, तर पोटात अंडी आहेत. शेवटी शेवटी बरगड्यांखाली कडेने गोट्यांसारखे उंचवटे दिसतात. चाचपून बघू नका, दाबलं तर आत अंडं फुटतं.

मग एक दिवस ती खाणं सोडते. पाणी मात्र पूर्वीपेक्षा जास्त पिते. शॅमेलिऑन साठलेलं पाणी ओळखत नाहीत, पानांवरचे थेंब चाटतात, त्यामुळे या दिवसांत फवारा सकाळी आणि संध्याकाळी लांबवा, शिवाय ठिबकणारी बाटली लावा. विष्ठेबरोबरचा पांढरा भाग पिवळा-नारिंगी होऊ लागला तर पाणी कमी पडतंय.

त्यानंतर येते अस्वस्थता. एरवी दिवसभर एकाच फांदीवर असणारी ती पिंजऱ्यात वरखाली फिरते, तळाशी उतरते, कोपरे उकरते, जाळीला नखं लावते. मागे फ्रिस्कोमधल्या एका ओळखीच्या मुलीचा फोन आला होता. "ताई, ती सारखी खाली येतेय आणि कुंडी उकरतेय. कंटाळली असेल का? बाहेर काढून फिरवू?" मी म्हटलं, "अगं, तिला बाहेर काढू नकोस. तिला जागा दे आणि तू खोलीबाहेर जा." तिने त्याच संध्याकाळी डबा भरून ठेवला. दुसऱ्या दिवशी मादी त्यात उतरली. नशीब की वेळ होती.

आता नजर काढून घ्या

खणताना माणूस दिसला तर मादी काम सोडून वर निघून जाते. रानात बोगद्यात डोकं खुपसलेली मादी कुणाच्याही तोंडी सहज सापडेल, तिची ती भीती खरी आहे. पुन्हा पुन्हा असं झालं तर ती अंडी अडवून धरते. म्हणून पहिल्यांदा खाली उतरलेली दिसली की पिंजऱ्याच्या चारही बाजूंना कापड लावा. मी आईची जुनी सुती साडी वापरते, हवा खेळते आणि उजेडही थोडा आत जातो. वरची बाजू मात्र पूर्ण मोकळी ठेवा. तिथे दिवे असतात, कापड तापलं तर पेट घेईल. बघायचंच असेल तर दोन बोटांची फट ठेवा, किंवा छोटा वायफाय कॅमेरा लावा आणि दुसऱ्या खोलीतून बघा. घरात लहान मुलं असली तर त्यांना समजावून सांगा. आमच्याकडे पाहुणे आले तरी त्या खोलीचं दार बंद असतं.

मी कॅमेऱ्यात पाहिलेलं थोडक्यात सांगते, म्हणजे तुम्हाला नेहमीचं काय ते कळेल. आधी ती इकडेतिकडे दोन-तीन खड्डे उकरून सोडून देते. मग बहुतेकदा डब्याच्या भिंतीलगत एक जागा धरते. पुढच्या पायांच्या चिमट्यांनी वाळू ओढायची, मग मागच्या पायांनी ती अंगाखालून मागे लोटायची, आणि मध्येच थांबून एक डोळा वर फिरवून बोगद्याच्या तोंडाकडे बघायचं. तोंडावर, पापण्यांवर वाळू चिकटलेली असते, ती फिकीर करत नाही. काही तासांनी नुसती शेपटी दिसते, मग तीही नाही. खोल गेल्यावर ती आत वळते, डोकं वर आणि शेपूट खाली, आणि बोगद्याच्या तळाशी अंडी घालते. बहुधा संध्याकाळी किंवा रात्री. नंतर बाहेर येऊन सगळा बोगदा बुजवते, कोपऱ्यातली वाळूसुद्धा ओढून आणते, पायांनी दाबून सपाट करते. खणायला सुरुवात केल्यापासून बुजवून वर चढेपर्यंत एक दिवस लागतो, कधी दोन-तीन.

दिवे नेहमीच्या वेळेला लावा आणि नेहमीच्या वेळेला बंद करा. ती रात्री बोगद्यातच झोपली तरी राहू द्या. टॉर्च मारू नका, अर्धवट बोगदा स्वतः बुजवू नका, उकरून मोठाही करू नका. फवाऱ्याचं तोंड डब्यापासून दुसरीकडे वळवा, नाहीतर छत खचेल.

डॉक्टरांकडे कधी धावायचं

इथे एक दिवसही दवडू नका. दिवसा डोळे मिटून बसली आहे, डोळे खोल गेलेत, तळाशी निपचित पडली आहे, मागचे पाय ओढत चालते, फांदी धरवत नाही, काही न घालता जोर लावत राहते: यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर. दोन-तीन दिवस खणत राहिली आणि थकून गळून गेली, पण अंडी नाहीत, तरीही. फांदीवरूनच एखाददुसरं अंडं खाली टाकलं असेल तर समजा की तिला जागा मिळालेली नाही किंवा ती घाबरली आहे, आणि बाकीची अंडी आत आहेत. उलट डोळे उघडे आहेत, पकड घट्ट आहे, पाणी पिते आहे आणि फक्त खात नाही, तर थांबा आणि तिला एकटं सोडा.

कुत्र्या-मांजरांच्या नेहमीच्या दवाखान्यात याचा अनुभव नसतो. असोसिएशन ऑफ रेप्टिलियन अँड अँफिबियन व्हेटेरिनेरियन्स या संस्थेच्या यादीत तुमच्या भागातले डॉक्टर सापडतात. मादी चार महिन्यांची व्हायच्या आतच त्यांचा नंबर फ्रिजवर लावून ठेवा, रात्रीचा इमर्जन्सी दवाखाना कोणता हेही विचारून ठेवा. डॉक्टर आधी एक्स-रे काढतात. अंडी किती, कवच चढलंय का, आकार वेडावाकडा आहे का, ते त्यात दिसतं. मग सलाइन, कॅल्शियमचं इंजेक्शन, कधी ऑक्सिटोसिन, म्हणजे अंडी बाहेर ढकलायला मदत करणारं औषध. त्यानेही झालं नाही तर शस्त्रक्रिया करून अंडी काढतात, आणि बऱ्याचदा अंडाशय आणि अंडनलिकाही काढून टाकतात, म्हणजे पुन्हा हा धोका राहत नाही. मादी धडधाकट असतानाच शस्त्रक्रिया झाली तर ती तरण्याची शक्यता कितीतरी जास्त. अगदी मरगळल्यावर नेली तर भूलही सोसत नाही.

घरातली मोठी माणसं मायेने एरंडेल सुचवतात, पोट चोळायला सांगतात, कोमट पाण्यात बसवायला सांगतात. त्यांचा मान राखून ऐकून घ्या, पण यातलं काहीही करू नका. आणि जाताना गाडीत तिला छोट्या खोक्यात, आडवी काठी धरायला देऊन, अंधारात न्या. मांडीवर घेऊन नको.

अंडी घातल्यावर

वर चढलेली मादी बघून पोटात गोळा येतो. कातडी लोंबते, डोक्याचा तुरा वाळूने माखलेला, रंग फिका. घाबरू नका. आधी पाणी: हलका कोमट फवारा दहा-पंधरा मिनिटं, थेंब तिच्यावर हळूहळू पडू द्या. डोळ्यांत गेलेली वाळू ती स्वतः डोळे फुगवून, फिरवून धुऊन काढते. मग खाणं. पुढचे दोन-तीन दिवस रोज, कॅल्शियम लावलेले मऊ किडे, ती घेईल तेवढे. एवढेच दिवस हात सैल सोडायचा, त्यानंतर परत आठवड्यातून तीनदा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत काहीच खाल्लं नाही, किंवा पोट अजूनही फुगलेलंच आहे, तर एक्स-रे काढून घ्या, आत अंडी राहिलेली असू शकतात.

एक दिवस जाऊ द्या, मग चमच्याने कडेकडेने वाळू काढत अंडी बाहेर काढा. पांढरी, चामड्यासारख्या कवचाची, दीड सेंटिमीटरच्या आसपास लांब. ती मोजा. पुढच्या वेळी खाणं आणि उष्णता किती ठेवायची, हे हा आकडाच सांगतो. नर नव्हताच तर ती अंडी उबणार नाहीत, कागदात गुंडाळून टाकून द्या. नराशी जुगली असेल तर पिल्लं हवीत की नकोत हे आधीच ठरवा. नको असतील तर अंडी लगेच फ्रीजरमध्ये ठेवा. हवी असतील तर ओल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये अर्धी पुरा, वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करा आणि ती बाजू शेवटपर्यंत वरच राहू द्या, उलटलं तर आतला जीव गुदमरतो. साधारण सहा ते नऊ महिने लागतात. तीस-चाळीस पिल्लं, आणि काही महिन्यांनी प्रत्येकाला वेगळा पिंजरा, याचा विचार करूनच हो म्हणा. एका वेळच्या मिलनाचं बीज मादी साठवून ठेवते, त्यामुळे पुढची खेपही फळलेली निघू शकते.

भारतात राहणाऱ्यांसाठी दोन शब्द. आपल्या रानातला घोयरा सरडा वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, तो घरात ठेवणं गुन्हा आहे. व्हेल्डसारख्या परदेशी जाती सायटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत येतात. कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर असा प्राणी नोंदणीशिवाय जवळ ठेवता येत नाही, आणि पिल्लं झाली तरी कळवावं लागतं. घोयऱ्याची मादीही झाडावरून उतरून जमिनीतच अंडी घालते. शेताच्या बांधावर ती माती उकरताना दिसली तर तिला विषारी समजून दगड मारू नका आणि उचलून 'सुरक्षित' जागीही नेऊ नका. ती विषारी नसते, आणि ती योग्य जागीच आहे. जखमी असेल तर महाराष्ट्रात वन विभागाचा १९२६ हा नंबर आहे.

डब्यातली वाळू गरम पाण्याने धुऊन, मुटका वळेल इतकी ओलवून पुन्हा जागच्या जागी ठेवा. वहीत तारीख, अंड्यांचा आकडा, आधीचं आणि नंतरचं वजन लिहा. पुढची खेप तीन ते चार महिन्यांत येऊ शकते, म्हणून तारखेपासून अडीच महिन्यांवर कॅलेंडरमध्ये खूण करा, आणि त्या दिवसापासून काटा दर आठवड्याऐवजी दर तीन दिवसांनी काढा.